भूत नसलेली भयकथा: माणसाचं क्रौर्य लिहायला घेताना

भूत नसलेली भयकथा लिहायला घेतली की नवा लेखक पहिल्याच पानावर रक्त सांडतो. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या कथा वाचताना हे हमखास दिसतं: तळघर, साखळदंड, गंजका सुरा आणि 'विकट हास्य'. वाचक ते वाचतो आणि शांतपणे चहा टाकायला उठतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे अमानवी शक्तीचा वावर कसा उभा करायचा याची थोडीफार जाण मराठी लेखकाला असते. पण माणूसच माणसाला छळतो तेव्हा त्यातलं बरंचसं कामाला येत नाही. भुताला कारण नसलं तरी चालतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईला कारण लागतं, आणि ते तिला स्वतःला पटलेलं असावं लागतं.

खालच्या पायऱ्या क्रमाने करा. पहिलीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण ती चुकली की पुढचं कितीही चांगलं लिहिलं तरी कथा उभी राहत नाही.

पहिली पायरी: पाहणारा ठरवा

काय घडलं ते नंतर ठरवता येतं. ते कोण पाहतंय, हे आधी ठरायला हवं.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात १९६५ साली १६ वर्षांच्या एका मुलीचा छळ होऊन मृत्यू झाला. आईवडील जत्रांमध्ये काम करत गावोगाव फिरायचे, म्हणून तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला त्यांनी आठवड्याला २० डॉलर ठरवून एका बाईकडे ठेवलं होतं. त्या बाईने, तिच्या मुलांनी आणि आसपासच्या पोरांनी मिळून काही महिन्यांत त्या मुलीचा जीव घेतला. शाळा सुटली की पोरं त्या घरी जायची. या घटनेवरून जॅक केचम या लेखकाने १९८९ साली 'द गर्ल नेक्स्ट डोर' ही कादंबरी लिहिली. काळ मागे नेऊन त्याने १९५८ चा केला, माणसं बदलली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निवेदक म्हणून शेजारचा एक मुलगा घेतला. त्या मुलाला ती मुलगी आवडते. तो तळघरात जातो, बघतो, घरी येऊन जेवतो. मोठा झाल्यावर हे सगळं तोच आपल्याला सांगतो.

निवेदक छळ करणारी बाई असती तर आपण तिला वेडी ठरवून मोकळे झालो असतो. मुलगी असती तर हळहळलो असतो. निवेदक हा बघत राहिलेला पोरगा असल्यामुळे वाचकाला सुटायला जागा उरत नाही, कारण वाचकही तेच करतोय: पान उलटतोय.

तुम्ही पहिल्यांदाच लिहीत असाल तर छळ करणाऱ्याच्या तोंडून कथा सांगू नका. दहातल्या नऊ वेळा तो निवेदक स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला, तत्त्वज्ञान झाडणारा खलनायक होतो. आपण खोलवर गेलोय असं लेखकाला वाटतं, आणि वाचकाला कंटाळा येतो. पीडित व्यक्तीच्या नजरेतून लिहिणं जमू शकतं, पण त्याला मोठा संयम लागतो. नव्या हाताने लिहिलं की ती व्यक्ती नुसतं सोसणारं शरीर होऊन बसते.

म्हणून कडेचा माणूस घ्या: वॉचमन, ट्यूशनच्या बाई, दूधवाला, धाकटी जाऊ. मग एका कागदावर चार गोष्टी लिहा. त्याने काय पाहिलं, कधी पाहिलं, त्या वेळी त्याला काय करता आलं असतं, आणि त्याऐवजी त्याने काय केलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं लिहू नका. माणूस काहीतरी करतोच. तो टीव्हीचा आवाज वाढवतो, डब्यात दोन लाडू जास्त घालून पाठवतो, बायकोला म्हणतो, 'आपल्याला काय करायचंय.'

या लेखापुरती एक कथा आपण बरोबर घेऊन चालू. ठाण्यातली सोसायटी, तिसरा मजला. एका फ्लॅटमध्ये मानसी आणि तिचा नवरा, दोघंही नोकरीवाले, एक लहान मूल. कामाला गावाकडून आणलेली मुलगी, जिला घरात सगळे 'छोटी' म्हणतात. समोरच्या दारात साठीच्या काकू, आणि कथा सांगणार त्याच. काकू वाईट नाहीत. संक्रांतीला त्यांनी छोटीला तिळगूळ दिलेला आहे, आणि हे त्या कथेत दोनदा सांगतात.

दुसरी पायरी: छळाला जिना द्या

नव्या कथांमधला छळ एकदम वरच्या मजल्यावर सुरू होतो. खरं क्रौर्य तसं सुरू होत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली सुरू केलेले प्रयोग बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतात, पण त्यातली लेखकाच्या कामाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लोकांना वाटत होतं, आपण शेजारच्या खोलीतल्या माणसाला चुकीच्या उत्तराबद्दल विजेचा झटका देतोय. प्रत्यक्षात झटका बसत नव्हता, तो माणूस प्रयोगातलाच होता. पहिल्या गाजलेल्या फेरीत ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. आकडा धक्कादायक आहेच, पण यंत्र बघा. त्यावर ३० बटणं होती आणि प्रत्येक बटण आधीच्यापेक्षा फक्त १५ व्होल्टने जास्त. पहिल्यांदा बसल्या बसल्या ४५० चं बटण दाबायला कुणालाच सांगितलं नव्हतं. १५० दाबलेल्या माणसाने १६५ ला थांबायचं कोणत्या तोंडाने? थांबणं म्हणजे मघाचं चुकलं हे मान्य करणं.

तुमच्या कथेला असं यंत्र हवं. छोटीच्या कथेसाठी मी जिना असा मांडेन. तिचा कप वेगळा. मग जेवायला बसायची जागा वेगळी, गॅलरीत. गावाहून फोन आला की स्पीकरवरच बोलायचं. उवा झाल्या म्हणून केस कातरून टाकले. लग्नाला जाताना बाहेरून कुलूप, कारण 'हल्ली दिवस कसे आहेत'. बाळाचं दूध उतू गेलं त्या दिवशी जेवण बंद. मग एक दिवस उलथनं.

यातल्या प्रत्येक पायरीला मानसीकडे कारण आहे, आणि पहिली तीन कारणं ऐकून तुमच्या-माझ्या घरातलंही कुणीतरी मान डोलावेल. तसं होत नसेल तर जिना चुकला समजा. केस कातरल्याची पायरी मला सगळ्यात जास्त भयानक वाटते, कारण ती स्वच्छतेच्या नावाखाली येते आणि काकू त्या दिवशी म्हणतात, 'बरं केलंस गं, उन्हाळा आलाच आहे.' इथे काकूंनी १५ चं बटण दाबलं.

जिना मांडून झाला की प्रत्येक पायरीसमोर काकूंचं एक वाक्य लिहा. कथेचा सांगाडा तयार झाला.

तिसरी पायरी: वास्तवाचा अभ्यास, पण कशाचा?

वास्तववादी लिहायचं म्हटलं की लोक जखमांचा अभ्यास करायला धावतात. थोडा करावाच. मुका मार लागला की डाग आधी लालसर-निळा असतो, मग काळपट-तपकिरी, मग हिरवट, मग पिवळा होत जातो आणि साधारण दोन आठवड्यांत मावळतो. हे माहीत असलं तर 'हा कालचा की गेल्या आठवड्यातला' हे काकूंना नुसत्या रंगावरून कळू शकतं, आणि एकाच दंडावर पिवळा आणि निळा असे दोन डाग शेजारी दिसले तर बाकी काही सांगावं लागत नाही. सिनेमातला क्लोरोफॉर्मचा रुमाल मात्र सोडून द्या. नाकाला लावला आणि दोन सेकंदांत माणूस कोसळला असं होत नाही, मिनिटं जातात.

पण कथा उभी राहते ती या माहितीवर नाही. ती उभी राहते खोटं कसं बोललं जातं यावर. आपल्याकडे १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आहे. म्हणजे मानसीला पहिल्या दिवसापासून एक खोटं तयार ठेवावं लागणार. 'दिसते लहान, पण सोळावं चालू आहे.' 'आमच्या लांबच्या नात्यातलीच आहे.' 'शाळेत घालणार आहोत जूनमध्ये.' ही वाक्यं अशीच्या अशी कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात ऐकायला मिळतील. ती गोळा करा. वही ठेवा. दुखापतीवरची पुस्तकं वाचण्यापेक्षा लिफ्टमध्ये कान उघडे ठेवणं या प्रकारच्या लेखकाला जास्त उपयोगी पडतं.

घराची मोजमापंही ठरवून घ्या. छोटी कुठे झोपते? वन बीएचकेमध्ये कामाच्या मुलीला खोली नसते, ती हॉलमध्ये किंवा ओट्याजवळ झोपते आणि सगळे उठायच्या आत अंथरूण गुंडाळते. तिचे कपडे कुठे असतात? बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत, वॉशिंग मशीनच्या मागे. मानसीचे जुने ड्रेस तिला दिलेले, मापाने मोठे. पिशवीत गावाहून आणलेली एखादी वस्तू असू द्या, पण बाहुली नको. बाहुली फार झाली.

सरकारी कागदांचा सूर शिकून घ्या. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि पंच म्हणून आजूबाजूच्याच माणसांना बोलावलं जातं. पंचनाम्याची भाषा कोरडी, एकसुरी आणि कसलीही दया न दाखवणारी असते. भयकथेच्या लेखकाला याहून चांगली भाषा विकत घेऊन मिळायची नाही. आपल्या कथेत काकूंनाच पंच म्हणून बोलवा आणि ही ओळ येऊ द्या:

'मयत नामे सुमन, वय अंदाजे १२ ते १३ वर्षे. डोक्याचे केस कातरलेले. उजव्या हाताचे मनगटाचे वर भाजल्याची जुनी खूण. अंगावर पिवळ्या रंगाचा पंजाबी ड्रेस, मापाने मोठा. समक्ष पाहून पंचांनी सही केली.'

मुलीचं खरं नाव वाचकाला इथे पहिल्यांदा कळतं. काकूंनाही. दोन वर्षं समोरच्या दारात राहून त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. आणि 'समक्ष पाहून' या शब्दांखाली आता त्यांची सही आहे. या कथेतला सगळ्यात मोठा धक्का मी इथे ठेवेन, आणि तिथे एक थेंबही रक्त नाही.

चौथी पायरी: धक्का किती आणि कुठे

पॅरिसमध्ये ग्राँ गिन्योल नावाचं एक छोटंसं नाट्यगृह होतं, १८९७ साली सुरू झालेलं. रंगमंचावर डोळे काढणं, गळे चिरणं हा तिथला रोजचा खेळ. प्रेक्षक किती बेशुद्ध पडले यावर प्रयोग किती रंगला ते ठरवायचे. पण चालवणारी माणसं हुशार होती. एका संध्याकाळी चार-पाच छोटी नाटकं व्हायची, त्यात भयनाट्याच्या मध्ये प्रहसन घालायचे, म्हणजे प्रेक्षक हसून सैल पडला की पुढचा घाव बसायचा. १९६२ साली ते बंद पडलं. शेवटच्या संचालकाने कारण सांगितलं त्याचा आशय असा, की नाझींच्या छळछावण्यांनी जे प्रत्यक्षात करून दाखवलं त्याच्या पुढे आमचं रंगवलेलं रक्त टिकणं शक्य नव्हतं. त्यांची सैल करण्याची युक्ती घ्या. रक्ताची स्पर्धा वर्तमानपत्राशी लावू नका, हराल.

आता आपल्याकडचं उदाहरण. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० साली श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. त्यात भाऊ बहिणीच्या पोटावर लाथा घालून गर्भ पाडतात आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. सेन्सॉरने लाल डागाला हरकत घेतली. नाटकवाल्यांनी डाग निळा केला, आणि लाल रंग मंजूर नसल्यामुळे तो निळा केला आहे, असं प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं. आता विचार करा. लाल डाग लोकांनी पाहिला असता, शहारले असते, पुढे गेले असते. निळा डाग दिसल्यावर प्रत्येकाला तो स्वतःच्या मनात लाल करावा लागला. ज्याने तो लाल केला तो मग त्या खोलीतून इतक्या सहज बाहेर पडत नाही.

केचमही असंच करतो. शेकडो पानं काहीही न लपवता सांगितल्यावर एका जागी त्याचा निवेदक म्हणतो की हे मी सांगणार नाही, आणि ते प्रकरण काही ओळींतच संपतं. ही युक्ती फक्त एकदा चालते, आणि आधी सांगण्याची हिंमत दाखवली असेल तरच चालते. सुरुवातीपासून 'ते शब्दांत सांगता येणार नाही' म्हणणारा लेखक नुसता आळशी असतो.

आता छोटीच्या कथेतला उलथन्याचा प्रसंग दोन प्रकारे लिहून बघू. पहिला खर्डा सहसा असा येतो:

'मानसीने तापलेलं उलथनं तिच्या हातावर दाबलं. चर्रकन आवाज झाला. छोटी जिवाच्या आकांताने किंचाळली. मानसीच्या चेहऱ्यावर क्रूर हसू पसरलं.'

इथे काकू कुठे आहेत? त्या भिंतीतून बघतायत का? नजर सुटली की हे असं होतं. आता काकूंना दारात उभं करा:

'अडीचच्या सुमाराला मी वाटी परत द्यायला गेले. दार छोटीनेच उघडलं. उजवा हात पाठीमागे. म्हणाली, आजी, वाटी खाली ठेवा. मी म्हटलं, अगं घे की हातात. आतून मानसीचा आवाज आला, काकू, तिचा हात खरकटा आहे, ठेवा तिथेच. मी वाटी चपलांच्या रॅकवर ठेवली. हळदीचा वास येत होता. भरदुपारी हळद कशाला, असं मनात आलं खरं. पण साडेदहापासून लाइट गेलेली ती तेवढ्यात आली आणि आमचा पंप चालू करायचा होता.'

दुसऱ्या खर्ड्यात भाजलेला हात दिसतच नाही. दिसते ती वाटी, जी चपलांवर ठेवायला काकूंना काही वाटलं नाही. शेवटचा पंप मला विशेष आवडतो. असलं क्षुल्लक निमित्त प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी ठेवू नका, नाहीतर वाचक ते आधीच ओळखायला लागेल.

मोठा धक्का कथेत कुठे ठेवायचा याला नियम नाही, पण तो पेरून ठेवावा लागतो. शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' ही कथा १९४८ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आली. उन्हाळ्याची सकाळ, गावकरी सोडतीसाठी चौकात जमतायत, पोरं दगड गोळा करून ढीग रचतायत. दगड अगदी सुरुवातीलाच समोर आहेत आणि कुणालाही त्यांचं काही वाटत नाही. शेवटी कळतं ते कशासाठी होते: सोडतीत जिचं नाव निघालं तिला ठेचून मारायला. त्या उन्हाळ्यात लेखिकेला शेकडो पत्रं आली, आणि अशा सोडती नेमक्या कुठे निघतात, तिथे जाऊन बघता येईल का, असंही काहींनी विचारलं होतं. वास्तवाचा भास जमला की काय होतं, ते या पत्रांतून कळतं. तुमच्या कथेतले दगड कोणते, ते ठरवून पहिल्या पानावर ठेवा. आपल्याकडे ते मापाने मोठे पिवळे कपडे आहेत.

पाचवी पायरी: खरी घटना वापरताना

बातमीवरून कथा सुचली तर गाव, वय, व्यवसाय, काळ आणि घराची रचना यांतलं निदान अर्धं बदला. ही नुसती सभ्यता नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड होईल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंडविधानाच्या कलम २२८-अ मध्ये होतं. पीडित किंवा साक्षीदार मुलांची ओळख जपण्याचं बंधन बाल न्याय कायद्यात आणि पॉक्सोमध्येही (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात) आहे. नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका. शाळा, गल्ली आणि तारीख तीच ठेवली तर ओळख उघडच असते.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं दृश्य वर्णन करू नका. अजिबात. कायदा तर आहेच, पण लेखक म्हणूनही तिथे मिळवण्यासारखं काही नाही. तशा कथेत फार तर दार बंद झालं आणि पाहणारा दाराच्या कुठल्या बाजूला होता, एवढंच सांगा.

पीडित व्यक्तीला छळाच्या बाहेरचं काहीतरी द्यायला विसरू नका. छोटीला नकला करता येतात. लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात ती 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणते आणि बाळ खिदळतं. काकू हसतात. हे कथेत लवकर येऊ द्या.

सहावी पायरी: वाचून घ्या

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग त्यातली 'क्रूर', 'अमानुष', 'राक्षसी', 'थरकाप' ही विशेषणं शोधून काढून टाका. किंकाळ्या मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर कमी करा.

त्यानंतर दोन माणसांना वाचायला द्या, त्यातला एक तरी भयकथा न वाचणारा असू द्या. 'आवडली का' असं विचारू नका. विचारा, 'राग कुणाचा आला?' फक्त मानसीचं नाव आलं तर पहिल्या पायरीवर परत जा, काकूंच्या चार प्रश्नांचा कागद पुन्हा काढा आणि बघा कुठे तुम्ही त्यांना सवलत दिलीत. बहुतेक वेळा ती सवलत एखाद्या वाक्यात लपलेली असते, 'पण काकू तरी काय करणार होत्या?' अशा धाटणीच्या. ते वाक्य खोडा.

संपादकाला पाठवताना सोबतच्या पत्रात एका ओळीत सांगा की कथेत बालकामगाराचा छळ आणि मृत्यू आहे. काही अंक असं साहित्य घेत नाहीत, आणि ते त्यांना पहिल्या ओळीत कळलेलं बरं. कथेचा शेवट त्या पत्रात सांगू नका.